नग मोजला, गेज मोजला नाही

५ जानेवारी २०२५, रविवार

हातानं केलेल्या वस्तू, आठवतात तशा, पण क्रमानं:

सायकलच्या पंपाची पितळी नळी (१९८८, मी पंधरा वर्षांचा). वडिलांच्या चष्म्याचे दोन स्क्रू, त्यातला एक डोक्याला वाकडा. पायानं चालवायचं भातमळणी यंत्र, सोळा नग, पैकी अकरा अजून चालतात. लेथ मशीन एक; बेड, म्हणजे खालचा ओतीव पाया, भंगारातला, बाकी सगळं माझं, सात महिने लागले. आशालताच्या शिलाई मशीनचं शटल. घराचं फाटक. भैरोबाच्या घंटेचा लोलक. जुना फुटला होता. नव्याचा आवाज थोडा खाली लागतो. गावात कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. आणि गेज, लहानमोठे मिळून दोनशे चौदा.

गेज म्हणजे भोक तपासायचा पोलादी दट्ट्या. भोक मापात असेल तर आत जातो, लहान असेल तर अडतो. कामगारानं डोकं लावायचं नाही, फक्त घालून बघायचं. म्हणून गेज करणाऱ्याचं डोकं ठिकाणावर पाहिजे. माझा एकही गेज मी तपासायला बाहेरच्या लॅबकडे पाठवलेला नाही. नववी नापास माणसाला याहून मोठं सर्टिफिकेट काय असतं?

यादी मृण्मयीसाठी केली. ती आशालताच्या बहिणीची मुलगी, महाळुंग्याला राहते, कंपन्यांची जाहिरात करणं हा तिचा धंदा. आज जेवायला आली होती. म्हणाली, "काका, लिंक्डइनवर या. तुमचा पर्सनल ब्रँड होऊ शकतो."

"ज्याला गरज असते तो घोटावड्यात पत्ता विचारत येतो."

"गेल्या वर्षी किती आले?"

मी मनात मोजले. तिला आकडा सांगितला नाही.

९ जानेवारी, गुरुवार

गुरुवार म्हणून वर्कशॉप बंद. खातं उघडलं. फोटो तीनदा काढला. पहिल्यात मागे तेलाचा डबा आला, दुसऱ्यात माझा शर्ट.

मृण्मयीनं फोनवर नियम सांगितले. ते लिहून ठेवतो. पहिली ओळ अशी, की माणसाचा अंगठा थांबला पाहिजे. एक वाक्य, मग मोकळी ओळ. मराठीतच लिहायचं, तेच वेगळं दिसेल. रोज नाही जमलं तरी आठवड्याला तीन. आणि स्वतःचं कौतुक स्वतः करायचं नाही, गोष्ट अशी सांगायची की लोक करतील.

शेवटचा नियम पटला. बाकीचे करून बघू.

१९ जानेवारी, रविवार

चार पोस्टी झाल्या. लेथवर अकरा लाइक, त्यातले चार नातेवाईक. मळणी यंत्रावर एकोणीस. मायक्रोमीटर कसा धरावा यावर सव्वीस. घंटेच्या लोलकावर सात.

आशालता म्हणते, "मायक्रॉन मोजायचा माणूस आता अंगठे मोजतोय."

मृण्मयी म्हणाली, "काका, सगळं बरोबर आहे पण कोरडं आहे. लोकांना वस्तू नको, माणूस हवाय. एखादी चूक सांगा ना. फेल्युअर स्टोरी सगळ्यात जास्त चालते."

मी म्हणालो, माझ्याकडून तशी मोठी चूक झालेली नाही.

"मग तुमच्या हाताखालच्या कुणाची?"

२ फेब्रुवारी, रविवार

लिहिली. दोन तास लागले. इथे उतरवून ठेवतो:

"तीनशे चाळीस नग. दोनशे बारा परत.

मे २०१४. माझ्याकडे एक टर्नर होता. धरणाच्या गावचा. डावखुरा. सकाळी साडेसहाच्या एसटीनं यायचा, एक दिवस उशीर नाही. हात असा, की मशीनला कळायच्या आत त्याला कळायचं.

पण त्या लॉटला त्यानं गेज लावला नाही. कंटाळा केला. कंपनीनं माल परत पाठवला.

सगळे म्हणाले, काढून टाका.

मी त्याला काढलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर उभं केलं.

माणूस सुटा भाग नसतो. बिघडला म्हणून भंगारात टाकत नाहीत."

नाव लिहिलेलं नाही. जयसिंगचं नाव लिहायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. बाकी तपशील मात्र जसेच्या तसे. मला अंदाजपंचे लिहिता येत नाही.

एवढंच, की दुसऱ्या दिवशी त्या मशीनवर मी एक परत आलेला नग, म्हणजे भोक पाडलेला पोलादी बुश, तारेनं टांगला होता. आमच्याकडे ती पद्धतच होती, ज्यानं नग बिघडवला त्याच्या डोळ्यांसमोर तो टांगायचा. पद्धत मीच सुरू केली. जयसिंग नऊ दिवस त्या बुशाखाली काम करून गेला, दहाव्या दिवशी आला नाही. पोस्टमध्ये ते बसत नव्हतं. लांबी फार झाली असती.

काढलं नाही हे खरंच आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

एक लाख शहाऐंशी हजार लोकांनी पाहिली. तीन हजार चारशे लाइक. बंगळूरचा एक जण लिहितो, असे मालक आता राहिले नाहीत. नाशिकच्या एका बाईंनी लिहिलं, डोळ्यांत पाणी आलं. एक कॉलेजवाला विचारतो, मी तुमच्याकडे फुकट काम करू का?

दिवसभर हात धुऊन फोन, हात धुऊन फोन. दुपारी एक बुश मोजायचा राहिला. असं कधी होत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज जयसिंगची मुलगी रूपाली आली. लहान असताना बापाचा डबा घेऊन यायची, तेव्हा दारातल्या लोखंडी चुऱ्यात अनवाणी उभी राहायची म्हणून मी ओरडलो होतो. आता हिंजवडीत नोकरी करते. स्कूटर बाहेर लावली, आत आली, बसली नाही.

"काका, ही पोस्ट तुमची?"

"हो. नाव नाही घातलेलं."

"नाव घातलं असतं तर बरं झालं असतं. दुसरा कोणी जयसिंग तरी निघाला असता." तिनं फोनवरून वाचून दाखवलं. "धरणाच्या गावचा. डावखुरा. साडेसहाची एसटी. काका, मुळशीत डावखुरे टर्नर किती हायेत?"

"तपशील बरोबर आहेत ना?"

"हो ना. एकदम बरोबर हायेत. म्हणून तर."

जयसिंग आता उरवड्याच्या रस्त्यावर एका कंपनीत आहे, हे मला ठाऊक होतं. तिथे त्याला मशीनवरून काढून माल तपासायच्या खात्यात घेणार होते, हे ठाऊक नव्हतं. गुडघ्यामुळे आठ तास उभं राहणं होत नाही त्याला. बसून काम, एक एप्रिलपासून. ते आता थांबवलंय. ज्यानं गेज लावायचा कंटाळा केला त्याच्या हातात तपासणी कशी द्यायची? असं तिथले साहेब म्हणाले. आणि तिथल्या पोरांनी जयसिंगच्या मशीनवर एक बुश तारेनं टांगलाय. माझ्याकडे पूर्वी काम केलेला कुणी तरी तिथे असणार, त्याशिवाय ही पद्धत तिकडे जाणार नाही.

"बाबा काही बोलत नाहीत," रूपाली म्हणाली. "घरी येऊन जाळं विणत बसतात."

मी चहा मागवला. तिनं घेतला नाही. जाताना म्हणाली, "बाबा म्हणतात त्यांनी गेज लावला होता. प्रत्येक नगाला. मी लहानपणापासून ऐकतेय."

 तेव्हा परत आलेले नग मी स्वतः मोजले होते. भोक एक शतांश मिलिमीटर लहान. गेज लावला असता तर अडला असता. हिशोब सरळ आहे.

मृण्मयीला फोन केला, "डावखुरा" तेवढं काढू का? म्हणाली, "आत्ता एडिट करू नका काका, चालू आहे पोस्ट. रीच पडू शकतो. आठवड्यानं काढा." नाही काढलं.

 

१५ फेब्रुवारी, शनिवार

मनीष नावाच्या माणसाचा फोन. पुण्यात कंपन्यांसाठी ट्रेनिंगचे कार्यक्रम करतो. "सर, तुमची टर्नरवाली स्टोरी आम्ही ऑफिसात सगळ्यांनी वाचली. असं ऑथेंटिक काही मिळत नाही हो. बारा कंपन्या आहेत, बारा सेशन. तुम्ही फक्त यायचं, आणि हेच सांगायचं. प्रत्येक सेशनला तीस हजार."

स्टेजवर माइक धरून उभा असलेला मी मला दिसलो. नववीच्या वर्गातले पाटील मास्तर पहिल्या रांगेत. ते वारले त्याला वीस वर्षं झाली.

कळवतो म्हणालो. रूपालीचं आशालताला अजून सांगितलेलं नाही. मनीषचं लगेच सांगितलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिहितो, वेळेसकट.

मृण्मयीचं म्हणणं, आता व्हिडिओ पाहिजे, लोकांना तुमचे हात बघायचेत. म्हणून गुरुवार साधला, वर्कशॉपात शांतता. चाळीस मिलिमीटरचा नवा गेज शेवटच्या मापाला आणायचा. बारीक पेस्ट लावून, लेथवर फिरवत घासायचा, मोजायचा, पुन्हा घासायचा. ९ वाजून ४० मिनिटांनी माप आलं. गेज हाताला चटका देत होता, नेहमीसारखा फडक्यात धरला, मायक्रोमीटर लावला, कॅमेऱ्याला दाखवला. चाळीस पूर्णांक शून्य शून्य शून्य. मृण्मयी म्हणाली, "वॉव."

मग कळलं, फोनचा माइक बंद होता. ९ वाजून ५५ मिनिटांनी वीज गेली, गुरुवारी जाते तशी. आम्ही चहाला घरी आलो. आशालतानं पोहे केले होते. मृण्मयी म्हणाली, मोजायचा शॉट तरी पुन्हा घेऊ, त्याला वीज लागत नाही. ११ वाजता परत गेलो. तोच गेज, तोच मायक्रोमीटर, माझाच हात.

एकोणचाळीस पूर्णांक नऊशे एकोणनव्वद.

"काका, आता काय झालं? दाखवा ना."

मी म्हणालो, प्रकाश बरोबर नाही. तिला घरी पाठवलं.

मग एकटाच बसलो. लोखंड तापलं की फुगतं. हे मला माहीत नाही असं नाही, मी पोस्ट लिहिली आहे त्यावर, ३१ लाइक. पण मोठा गेज घासून घासून किती तापतो, आणि मी तो गरमच मोजतो, आणि निवल्यावर तो एक शतांशानं बारीक होतो, हे मी पंचवीस वर्षांत एकदाही पाहिलं नाही. कारण मोजून झालेला गेज मी परत मोजत नाही. माझं एकदाच असतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

२०१४ च्या त्या लॉटचा गेज, तोही चाळीसचाच, कपाटात होता, तेल लावून, कागदात, तारखेसकट. रात्रभर मायक्रोमीटरशेजारी ठेवला होता. सकाळी मोजला. ३९.९८८, म्हणजे बारा मायक्रॉन कमी. पाच वेळा मोजला. पाचही वेळा तेच.

म्हणजे जयसिंग गेज लावत होता. तो आत जात होता. भोक लहान, गेज त्याहून लहान. तो आत जाणारच.

त्या दिवशी त्यानं सांगितलं होतं, "नरूभाऊ, गेज जातुय. तुमी सोता घालून बगा." मी म्हणालो, "गेज मी केलाय." परत आलेल्या दोनशे बारांपैकी चाळीस नग मी मोजले. त्यातल्या एकातही माझा गेज घालून बघितला नाही. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. नग मोजला, गेज मोजला नाही.

आशालताला सगळं सांगितलं. रूपाली आल्याचंही. ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. मग म्हणाली, "त्या पोरीला चहा तरी पाजलात का?"

२५ फेब्रुवारी, मंगळवार

गेज आयुष्यात पहिल्यांदा लॅबला दिला, भोसरीला. तिथला पोरगा म्हणाला, काका, आधी तीन तास थंड खोलीत ठेवावा लागतो. मी म्हणालो, हो का. आज कागद आला: ३९.९८८.

दोनशे चौदांपैकी मोठ्या मापाचे सतरा. सतरा फोन केले. चौघांनी उचलले नाहीत. दोघांनी ऑर्डर थांबवली. एक जण म्हणाला, "आमाला कवाच कळलं व्हतं शेठ, आमी तुमचा गेज दारात दरवाजा आडवायला ठेवलाय."

पोस्ट अजून तशीच आहे. काढायला अंगठा नेला, तर त्याच वेळी कुणी तरी लिहिलं, तुमच्यासारखा गुरू हवा. (२७ तारखेला जोडतो:) काढायला दोन दिवस लागले. काढली तेव्हा दोन लाख एकसष्ट हजार होते.

२ मार्च, रविवार

मुळशीला गेलो. जयसिंगचं घर रस्त्यापासून खाली, पाण्याच्या बाजूला. ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता, डाव्या हातात सुई. अकरा वर्षांनी भेटत होतो. केस पांढरे, बाकी तोच.

"या नरूभाऊ. उनात कशाला हुबं? बसा."

मी गेज आणि लॅबचा कागद त्याच्यासमोर ठेवला. वाटेत वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकच आठवलं. "जयसिंग, गेज बारीक होता. बारा मायक्रॉन."

त्यानं गेज उचलला, बोटांत एकदा फिरवला. कागद उघडला नाही. "व्हय."

"व्हय म्हणजे?"

"म्हंजे बारीक हाय. मला ठावं हाय."

"कधीपासून?"

"तवापासून. तुमी घासून झाल्याव त्यो तापल्याला गेज फडक्यात धरून मोजायचा. आमी तिगं बगायचो. भैरू तर म्हनायचा, भाऊ गेजला ताप आल्याला बगत्यात."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. गेज जातुय म्हनलं. तुमी काय म्हनला? गेज मी केलाय. त्याच्या फुडं मानसानं काय बोलायचं?"

त्याच्या बायकोनं पाणी आणलं. मी एका दमात प्यायलो. म्हणालो, "मी लिहितो सगळं. तुझी काही चूक नव्हती, माझी होती, असं स्पष्ट लिहितो. तारखेसकट."

जयसिंग हसला. दात तेच, पुढचा अर्धा तुटलेला. "आजून लिवनार? नका लिवू भाऊ. तुमचं लिवल्यालं लई लोकं वाचत्यात."

"मग काय करू?"

"कंपनीत या. फुडच्या सोमवारी, अण्णासाहेब रजेवनं येत्यात. माज्या मशीनपाशी हुबं ऱ्हावा आन तोंडानं सांगा. जेवड्यांनी वाचलं त्येवड्यांना न्हाई. त्या बावीस जनांना."

रूपाली दारात उभी होती. म्हणाली, "आणि व्हिडिओ नाही काढायचा."

निघताना जयसिंगनं दोन मासे पानात बांधून दिले. मी नको म्हणालो नाही. गाडीत शेजारच्या सीटवर ते घोटावड्याच्या पाटीपर्यंत माझ्याकडे बघत होते असं वाटलं. असलं काही मी एरवी लिहीत नाही.

१० मार्च, सोमवार

गेलो. अण्णासाहेब म्हणजे तिथले मॅनेजर, निवृत्तीला आलेले. त्यांनी मशीन बंद करून सगळ्यांना बोलावलं. बावीस नाही, चोवीस होते.

मला वाटलं होतं, बोलायला जड जाईल. बोलणं सोपं होतं, वर बघणं जड गेलं. जयसिंगच्या मशीनवर बुश लटकत होता, डोळ्यांच्या उंचीला. बरोबर तेवढ्याच उंचीला, जेवढ्या मी टांगायचो.

मी गेज दाखवला. तो एक शतांश लहान असलेल्या भोकात घातला, गेला. मग गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून घातला, अडला. म्हणालो, "हा असा गरम असताना मी मोजला. चूक गेजची, म्हणजे माझी. जयसिंगनं प्रत्येक नगाला गेज लावला होता. मी जे लिहिलं ते खोटं होतं."

मागून एक जण म्हणाला, "शेठ, हे बी टाका की लिंक्डइनवर." हसले सगळे. जयसिंग हसला नाही. त्यानं पक्कड घेतली, तार तोडली, बुश भंगाराच्या पेटीत टाकला आणि मशीन चालू केलं.

ऑफिसात अण्णासाहेबांना विचारलं, तपासणीच्या जागेचं काय? ते चष्मा पुसत राहिले. "पवळे, ती जागा एक तारखेलाच भरली. डिप्लोमावाला मुलगा घेतला. तुम्ही दहा-बारा दिवस आधी आला असतात तर बघता आलं असतं."

एक तारीख, शनिवार. गेज मी एकवीस तारखेला मोजला होता. आठ दिवस होते हातात. त्यातले चार लॅबसाठी, जेव्हा मला सगळं माहीत होतं. दोन पोस्ट काढायला. दोन कशाला गेले, आठवत नाही.

१६ मार्च, रविवार

जयसिंग नको म्हणाला होता. हे मला ठाऊक आहे.

पण दोन लाख एकसष्ट हजार लोकांच्या डोक्यात तो अजून कंटाळा करणारा टर्नरच आहे. जिथे माप चुकलं, तिथेच ते दुरुस्त केलं पाहिजे. म्हणून आज लिहिलं. या खेपेला एसटी नाही, डावखुरा नाही, गाव नाही. फक्त माझं. गेज, फडकं, बारा मायक्रॉन, तारेनं टांगलेला बुश, नऊ दिवस. मोकळ्या ओळी घातल्या नाहीत. सगळं सलग लिहिलं, कुणी वाचू नये असं.

मृण्मयीला आधी दाखवलं नाही.

१९ मार्च, बुधवार

सहा लाख चाळीस हजार.

मृण्मयीचा फोन, ओरडतच. "काका, काय लिहिलंय! ही तर पहिलीपेक्षा जबरदस्त चालतेय. एवढं व्हल्नरेबल कोणी लिहीतच नाही. फॉलोअर बघितले का?"

बघितले होते. एकतीस हजार चारशे.

लोक लिहितात, केवढं धाडस. सलाम. चूक कबूल करायला वाघाचं काळीज लागतं. बंगळूरचा तोच माणूस: असे मालक आता राहिले नाहीत.

मला वाटलं होतं शिव्या येतील. मी प्रत्येक कमेंट वाचली, एक तरी शिवी मिळते का बघायला. एक मिळाली. ती चुकून दुसऱ्या कुणाला होती.

संध्याकाळी रूपालीचा मेसेज आला: "बाबा म्हणाले, भाऊंना सांगितलं होतं." पुढे काही नाही. मी उत्तर चार वेळा लिहिलं. पाठवलं नाही.

जयसिंग अजून मशीनवरच उभा आहे. आठ तास.

२२ मार्च, शनिवार

मनीषचा फोन. मी त्याला 'नाही' असं कळवायचंच विसरलो होतो, किंवा विसरल्यासारखं केलं होतं.

"सर, आता तर गोष्ट पूर्ण झाली! आधी दुसऱ्याची चूक, मग स्वतःची. बारा सेशन तेच ठेवू, पण मानधन डबल. आणि एक आयडिया आहे. शेवटच्या दहा मिनिटांत त्या टर्नरना स्टेजवर आणायचं. तुम्ही सगळ्यांसमोर त्यांची माफी मागायची. लोक उभे राहतील, सर. त्यांना वेगळं मानधन, अर्थात. बसायला खुर्ची, न्यायला-आणायला गाडी."

मी म्हणालो, "त्याचा तमाशा करू का बारा वेळा?"

"तमाशा नाही हो सर. त्यांना एकदा विचारून तर बघा."

"विचारायची गरज नाही. जयसिंगला मी ओळखतो."

मनीष म्हणाला, सोमवारपर्यंत वेळ घ्या. मी वेळ घेतला नाही. या महिन्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट मी ताबडतोब केली. फोन ठेवल्यावर छातीवरचं थोडं उतरलं. आशालतानं विचारलं, कुणाचा फोन? मी म्हणालो, चुकीचा नंबर.

इथे मात्र नीट नोंद करतो. आज नाकारलं ते असं: माझ्यासाठी दर भाषणाला साठ हजार, बाराचे सात लाख वीस हजार. जयसिंगसाठी दर वेळी पंधरा हजार, बाराचे एक लाख ऐंशी हजार. मिळून नऊ लाख रुपये. दोघांच्याही वतीनं मी नाही म्हणालो.